प्रतिध्वनीतून उमटलेली शुक्राची भूमी

पहाटे किंवा सायंकाळी क्षितिजावर झळकणारी शुक्राची चांदणी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ते तेज शुक्राच्या भूमीचे नव्हे. ग्रहाला सर्व बाजूंनी वेढणाऱ्या गंधकाम्लाच्या ढगांवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाश आहे. ढगांखाली सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान असते. तेथे उतरलेली सोव्हिएत याने फार तर दोनेक तास टिकली. मग तेथील भूमीचे ज्ञान मानवाला झाले कसे?

रेडिओलहरी ढगांतून आरपार जातात. १९९० मध्ये शुक्राभोवती फिरू लागलेल्या अमेरिकेच्या ‘मॅगेलन’ यानाने १२.६ सेंटिमीटर लांबीच्या लहरी खाली सोडल्या आणि त्यांचे प्रतिध्वनी टिपून सुमारे ९८ टक्के पृष्ठभागाचा नकाशा सिद्ध केला.

हा नकाशा वाचण्याची रीत मात्र वेगळी आहे. आरशावर तिरपा टाकलेला विजेरीचा झोत पुढे निघून जातो. खडबडीत भिंतीवरचा झोत चहूकडे विखुरतो आणि त्यातील काही भाग आपल्याकडे परततो. त्याचप्रमाणे रडारच्या चित्रात सपाट मैदान काळे दिसते, तर खडकाळ प्रदेश उजळ. हा उजळपणा म्हणजे ऊन नव्हे. शिवाय त्याचे कारण नेहमी खडबडीतपणाच असते असेही नाही. सुमारे ११ किलोमीटर उंचीच्या मॅक्सवेल पर्वतावर मुळात पृष्ठद्रव्यच रेडिओलहरी जोराने परतवते. हे ओळखण्यासाठी यानाने भूमीतून आपोआप निघणाऱ्या क्षीण लहरीही मोजल्या. जी भूमी अधिक परतवते, ती स्वतः कमी उत्सर्जित करते. एका पुराव्यावर विसंबून न राहता दुसऱ्याने त्याची पारख करावी, ही विज्ञानाची शिस्त आम्हांला येथे दिसते.

तिचे फळ २०२३ मध्ये पुन्हा मिळाले. मॅगेलनने १९९१ च्या फेब्रुवारीत व ऑक्टोबरमध्ये घेतलेली चित्रे ताडून पाहता माट पर्वतावरील ज्वालामुखीचे एक मुख रुंदावल्याचे आढळले. दोन्ही चित्रांचे कोन भिन्न होते. म्हणून हा केवळ दृष्टिभ्रम नाही ना, हेही संशोधकांनी संगणकावर पडताळले. तीस वर्षे जपलेल्या नोंदींनी शुक्राची भूमी आजही धगधगती असल्याचा पुरावा दिला.

शुक्रावरील बहुतेक स्थळांना स्त्रियांची नावे आहेत. तेथील ‘जोशी’ हे विवर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या, तर ‘मेधावी’ हे पंडिता रमाबाईंच्या स्मरणार्थ आहे. ज्ञानासाठी सातासमुद्रापार गेलेल्या या दोघींची नावे ढगांआडच्या त्या भूमीवर कोरली गेली, याचा आम्हांला अभिमान वाटतो. आपल्या मुलामुलींनी शुक्राकडे पाहताना ती जरूर आठवावीत.