फोटोखालची ओळ

1910 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात, नॉर्थ पाउनल इथल्या कापडगिरणीत लुईस हाइनने एका मुलीचा फोटो काढला. अनवाणी पाय, अंगात मळलेला झगा, केस वर बांधलेले. एक हात कताईच्या यंत्रावर टेकवून ती थेट कॅमेऱ्याकडे बघते आहे. बालमजुरीचा विषय निघाला की आजही हा फोटो छापला जातो. 1998 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तो तिकिटावर घेतला. एवढे होऊनही तिचे आडनाव वर्षानुवर्षे चुकीचे छापले जात होते. फोटो जगभर फिरला आणि फिरता फिरता त्याची फोटोओळ गळून पडली. हाइनचे काम नव्याने समजून घ्यायचे असेल, तर आधी ती ओळ परत जागेवर आणून वाचायला हवी, असे मला वाटते.

हाइन मुळात न्यूयॉर्कमधला शिक्षक. 1908 पासून तो नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या संस्थेसाठी गिरण्या, खाणी, काचकारखाने हिंडू लागला. मालक आत सोडत नसत, म्हणून कधी तो बायबल विकणारा होई, तर कधी यंत्रांचे फोटो घ्यायला आलेला माणूस. मुलाचे डोके आपल्या कोटाच्या कितव्या बटणाला लागते ते पाहून तो उंचीचा अंदाज घेई आणि खिशातल्या खिशात टिपण करी. नाव, वय, मजुरी, कामाचे तास हे सारे त्यात येई. आता कुणी म्हणेल, हाइन पगारी प्रचारक होता, त्याच्या नोंदींवर किती विसंबायचे? शंका रास्त आहे. पण याच मुलीची फोटोओळ पाहा. गिरणीतल्या इतर मुली हिला दहा वर्षांची सांगतात, ती स्वतः बारा सांगते, असे त्यात लिहिले आहे. शाळेच्या सुट्टीत कामाला लागली आणि आता इथेच राहणार, असेही आहे. प्रचाराला दहाचा आकडा जास्त सोयीचा होता, तरी त्याने दोन्ही वये लिहून ठेवली. दुसऱ्या एका फोटोओळीत मात्र तो तिला ‘रक्तक्षयी’ म्हणतो. ते कुठल्या डॉक्टरचे निदान नाही, बघणाऱ्याचे मत आहे. म्हणजे एकाच माणसाच्या लिखाणात साक्षही आहे आणि विशेषणही. संशोधकाने ही दोन्ही निवडून वेगळी करायची असतात.

लेखिका एलिझाबेथ विन्थ्रॉप यांनी या फोटोवरून कादंबरी लिहिली आणि संशोधक जो मॅनिंग यांच्यासह त्या खऱ्या मुलीच्या शोधाला लागल्या. जनगणनेच्या याद्या आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळल्यावर कळले, की तिचे नाव छापले जाई तसे ॲडी लेअर्ड नव्हे, तर ॲडी कार्ड होते. तिची दोन लग्ने झाली आणि 1993 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर ती वारली. तिकीट निघाले त्याच्या पाच वर्षे आधी. मॅनिंग यांनी पुढे हाइनच्या फोटोंतल्या शेकडो मुलांचा असाच माग काढला. आपल्या आजीचा किंवा आजोबांचा असा फोटो आहे, हे अनेक घरांत ठाऊकच नव्हते.

यावर एक आक्षेप येतो: मुलगी नव्वदीपार जगली, मग गिरणीने तिचे बिघडवले काय? अशा शोधाने हाइनच्या कामाची धार बोथट होत नाही का? हा युक्तिवाद फसवा आहे. एकीच्या दीर्घायुष्यावरून गिरणीचा निवाडा होत नाही. शिवाय माग लागतो तो कागदोपत्री टिकलेल्यांचाच. लहानपणीच गेलेली, किंवा ज्यांची परकी नावे ऐकताना चुकली अशी मुले या यादीत सहसा येत नाहीत. बालमजुरीला आळा घालणारा 1916 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1918 मध्ये रद्द केला. न्यायालयात टिकणारा देशव्यापी कायदा यायला 1938 उजाडले, तोवर ॲडी चाळिशीला आली होती. शोधामुळे बदलते ते आपले बघणे. जी नुसती ‘बिचारी’ होती, तिला नाव मिळते आणि बारा वर्षांनंतरचे आयुष्यही मिळते. दुसरा आक्षेप कलासमीक्षकांचा: चित्र स्वतःच बोलते, त्याला टीप कशाला? हाइनची प्रकाशाची आणि चौकटीची जाण उत्तम होती, यात वाद नाही. पण तो सहसा टिपणाशिवाय फोटो घेत नसे. संग्रहालयाच्या भिंतीवर ओळीविना टांगलेला हाइन हा त्याच्या कामाचा अर्धाच भाग आहे.

या मोहिमेतले पाच हजारांहून अधिक फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये फोटोओळींसह जतन केले आहेत आणि इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येतात. ते पाहाल तेव्हा चेहऱ्यावर थांबू नका. खालची ओळ वाचा, आणि त्यातले किती हाइनने पाहिले आणि किती त्याला वाटले, हे स्वतः ठरवा.