आरोपग्रस्त मुख्यमंत्री मतपेटीपर्यंत का पोहोचत नाही?

गैरव्यवहाराच्या किंवा पदाच्या गैरवापराच्या आरोपांमुळे महाराष्ट्राच्या चार मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. १९८२ मध्ये बॅ. अब्दुल रहमान अंतुले, १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर, १९९९ मध्ये मनोहर जोशी आणि २०१० मध्ये अशोक चव्हाण. यांपैकी दोघे रायगड जिल्ह्याचे: अंतुले आंबेतचे, जोशी नांदवीचे. चौघांपैकी एकालाही मतदारांनी घरी बसवले नाही. निवडणूक येण्याआधीच पक्षाने त्यांचा राजीनामा घेतला होता. मतदाराला त्यांचा न्याय करायची संधी मिळाली ती नंतर, आणि तीही वेगळ्याच मतपत्रिकेवर.

याचे मूळ पदाच्या घडणीत आहे. अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नव्हे, तर मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवणारा प्रमुख असतो आणि त्याला सगळ्या राज्याचे मतदार थेट निवडतात. त्यामुळे मुदत संपेपर्यंत पक्ष त्याला सहजासहजी हलवू शकत नाही. लुइझियानाचे एडविन एडवर्ड्स खटल्यातून निर्दोष सुटल्यावर १९८७ मध्ये पुन्हा उभे राहिले, पहिल्या फेरीत मागे पडले आणि त्यांनी माघार घेतली. इलिनॉयचे रॉड ब्लागोयेविच २००६ मध्ये चौकशीचे सावट असतानाही निवडून आले. २००८ च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात राज्याच्या सिनेटने महाभियोगाद्वारे त्यांना पदच्युत केले. आपल्याकडे मुख्यमंत्री टिकतो तो आमदारांच्या बहुमतावर, आणि आमदारांचे तिकीट पक्षश्रेष्ठींच्या हाती असते. म्हणून मुख्यमंत्र्याचे भवितव्य मतदानाच्या दिवसापेक्षा दिल्लीच्या किंवा शिवसेनाप्रमुखांच्या ‘मातोश्री’च्या निरोपावर अधिक अवलंबून राहिले.

अंतुल्यांचे प्रकरण यातले सर्वांत बोलके. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या आणि ९ जून १९८० रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. निर्णयाचा वेग हे त्यांचे वैशिष्ट्य. संजय गांधी निराधार अनुदान योजना, सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे, कुलाबा जिल्ह्याचे ‘रायगड’ हे नामांतर हे सारे दीड वर्षात झाले. त्याच काळात साहित्यिक-कलावंतांना मदत करण्यासाठी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ हा न्यास उभा राहिला, आणि त्याला मिळणाऱ्या देणग्यांवरून वादळ उठले.

हा वाद समजायला तेव्हाचा सिमेंटचा बाजार समजून घ्यावा लागतो. सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या ताब्यात होते. परमिटाशिवाय सिमेंट मिळत नसे, आणि काळ्या बाजारात त्याला सरकारी दरापेक्षा बरीच जास्त किंमत येई. म्हणजे कोटा मंजूर करणारी सही हीच एक संपत्ती होती. मुंबईच्या बिल्डरांना कोटा मिळाला आणि त्याच बिल्डरांनी अंतुल्यांशी संबंधित न्यासांना देणग्या दिल्या, या दोन गोष्टींची सांगड घालणारा वृत्तांत अरुण शौरी यांनी १९८१ च्या ऑगस्टअखेर ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये छापला. जनता पक्षाचे पी. बी. सामंत आणि इतरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्या. बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी, मुख्यमंत्री पदावर असतानाच, सिमेंटवाटप आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष दिला. अंतुल्यांनी लगेच राजीनामा जाहीर केला आणि त्याच महिन्यात बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. गंमत म्हणजे त्याच फेब्रुवारीच्या शेवटी केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. महिनाभरापूर्वी ज्या सहीपायी सरकारचा प्रमुख गेला, तिची किंमत अशी उतरणीला लागली.

फौजदारी बाजू मात्र बरीच रेंगाळली. भाजपचे रामदास नायक यांच्या तक्रारीवरून खटल्याला परवानगी द्यायची की नाही, हा निर्णय राज्यपाल इद्रिस हसन लतीफ यांच्यापुढे आला आणि २८ जुलै १९८२ रोजी त्यांनी ती दिली. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात वारंवार गेले. आमदार हा भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही, असे १९८४ मध्ये ठरले. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने स्वतःच्याच न्यायालयाचा, खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आदेश चुकीचा ठरवून मागे घेतला. खटला जलद चालावा या आरोपीच्या हक्काची चर्चाही याच प्रकरणातून झाली. कायद्याच्या विद्यार्थ्याला अंतुल्यांचे नाव आज भेटते ते या निकालांतून.

आता मतदाराच्या बाजूने पाहू. रायगड जिल्ह्यातल्या, कर्जत–खोपोली लोहमार्गावरच्या पळसदरीच्या मतदाराला १९८०-८२ मध्ये मुख्यमंत्र्याविषयी काय म्हणता आले असते? थेट काहीच नाही. अंतुल्यांचा विधानसभा मतदारसंघ श्रीवर्धन, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा. पळसदरीचा परिसर खालापूर मतदारसंघात होता. जिल्ह्याला नवे नाव देणारा मुख्यमंत्री आपल्याच जिल्ह्यातल्या बहुतेकांच्या मतपत्रिकेवर नव्हता. तो योग आला लोकसभेमुळे. जुन्या कुलाबा मतदारसंघात खालापूर-कर्जतचा पट्टा होता, आणि तिथून अंतुले १९८९, १९९१ आणि १९९६ मध्ये खासदार झाले. १९९८ व १९९९ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) रामशेठ ठाकूरांनी ती जागा घेतली. २००४ मध्ये अंतुले परतले आणि पुढे अल्पसंख्याक कामकाज मंत्री झाले. तोपर्यंत सिमेंट हा निवडणुकीचा विषय राहिला नव्हता. काँग्रेस विरुद्ध शेकाप ही जिल्ह्याची जुनी लढत, जातीपातीची आणि गावकीची गणिते, कोकणासाठी त्यांनी केलेली कामे यांवर मते पडत होती. सात वर्षे उशिराने मिळालेल्या मतपत्रिकेवर घोटाळ्याचा न्याय होत नाही, हे यातून दिसते.

इतरांची कहाणीही याच वळणाची. मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर निलंगेकर गेले, पण पुढेही निलंग्यातून निवडून येत राहिले. पुण्यातील शाळेसाठी राखीव भूखंडाच्या वादाच्या पार्श्वभूमीवर जोशी गेले. त्याच वर्षी ते मुंबईतून लोकसभेत पोहोचले आणि २००२ मध्ये सभापती झाले. मुंबईतील ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीवरून पद गमावलेले चव्हाण २०१४ च्या मोदी लाटेतही नांदेडमधून जिंकले. त्या वर्षी राज्यात काँग्रेसला मिळालेल्या दोनच जागांपैकी ही एक.

आरोप अंगावर असताना मुख्यमंत्री म्हणूनच निवडणुकीला सामोरे गेलेले ठळक उदाहरण एकच, १९९५ मधले शरद पवार. मुंबई महापालिकेचे अधिकारी गो. रा. खैरनार ‘ट्रकभर पुरावे’ असल्याचे सांगत सभा गाजवत होते आणि गोपीनाथ मुंडे राज्यभर संघर्षयात्रा करत होते. पवारांवरचे आरोप न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. पण काँग्रेस ८० जागांवर आली, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ मिळाल्या आणि सत्ता गेली. स्वतः पवार मात्र बारामतीतून सहज जिंकले. आरोपांचा फटका कुठे बसला, हे सांगणे इथेही सोपे नाही, कारण काँग्रेसच्या बंडखोरांसह अपक्षांनीच पंचेचाळीस जागा नेल्या.

तमिळनाडूत चित्र वेगळे होते, त्याचे कारण पक्षाच्या मालकीत आहे. अण्णाद्रमुकमध्ये जयललितांना बाजूला करणारे कोणीच नव्हते. त्यामुळे १९९६ मध्ये त्या आरोपांसह मुख्यमंत्री म्हणून मतदारांपुढे गेल्या, पक्ष कोसळला आणि बर्गूरची स्वतःची जागाही गेली. नेता हाच पक्ष असेल तर मतदारालाच काम करावे लागते. श्रेष्ठी वेगळे असतील तर ते आधीच चेहरा बदलतात आणि मतदारापुढे नवा माणूस उभा करतात.

कर्जत तालुक्यातील कोंढाणे धरणाने हाच तिढा पुन्हा दाखवला. खर्च आणि उंची दोन्ही भरमसाट वाढवल्याने हा प्रकल्प सिंचन घोटाळ्याच्या चर्चेत आला, काम थांबले, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अधिकारी व कंत्राटदारांवर गुन्हा नोंदवला. सिंचनाच्या वादात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते परत आले. जलसंपदामंत्री सुनील तटकरे यांनी आरोप नाकारले. २०१४ मध्ये ते रायगड लोकसभेत अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी हरले, पण त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांहून अधिक मते पडली होती. तेव्हा धरणाने हरवले की नामसाधर्म्याने, हा हिशेब ज्याने त्याने करावा. धरण ज्यांच्या तालुक्यात, त्या कर्जतकरांना मात्र या लढतीत मतच नव्हते, कारण २००८ च्या पुनर्रचनेनंतर कर्जत, पनवेल आणि उरण मावळ लोकसभेला जोडले गेले आहेत.

कायदा काय म्हणतो? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे साधारणपणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली तर सदस्यत्व जाते आणि सुटकेनंतर सहा वर्षे उमेदवारीचा मार्ग बंद होतो. भ्रष्टाचाराच्या काही गुन्ह्यांत तर कमी शिक्षाही पुरते. अपील केले की पद वाचे, ही सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केली. उमेदवाराला आपल्यावरचे प्रलंबित खटले शपथपत्रात लिहावे लागतात आणि ते कोणालाही पाहता येते. गंभीर गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मुख्यमंत्र्याला हटवण्याचे घटनादुरुस्ती विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडून संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. ते पदाविषयी आहे, उमेदवारीविषयी नाही. निव्वळ आरोप असलेल्या माणसाला निवडणूक लढवण्यापासून रोखणारी तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्यात नाही.