उताराची भीती मोडते कशी?

पोखर्णी परिसरात घाट नाही, काळी माती मात्र भरपूर. पावसात ती चाकाला अशी चिकटते की सायकल ढकलतच न्यावी लागते. मराठवाड्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. वापर मात्र शाळेपुरता.

माउंटन बाइकिंगमध्ये चढ दमवतो, घाबरवतो तो उतार. सीटवर बसून पुढचा ब्रेक करकचून दाबला की तोंडावर आपटलेच! दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून उभे राहायचे, कंबर मागे न्यायची, दोन्ही ब्रेक हलके दाबायचे, नजर दगडावर नव्हे तर पुढच्या वाटेवर. हे हसणाऱ्यांसमोर शिकता येत नाही. अमेरिकेतील शर्यतपटू जॅकी फेलन यांनी म्हणूनच १९८०च्या दशकात फक्त महिलांचा गट काढला. त्याच्या नावात चक्क चहाही होता. पडा, उठा, चहा घ्या!

१९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, तोही महिला आणि पुरुष दोघांसाठी एकदमच. आपल्याकडे संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी त्यात राष्ट्रीय पदके मिळवली.

पोखर्णीत सुरुवातीला बांधाचा छोटा उतार, हेल्मेट आणि चार मैत्रिणी पुरतात. फक्त रविवारी सायकल घरातल्या दुसऱ्या कुणी नेलेली नसावी.