मोत्यांची चादर, सोन्याच्या तोफा

बडोद्याच्या गायकवाडांच्या जवाहिरखान्याची कीर्ती एकोणिसाव्या शतकात युरोपपर्यंत पोहोचली होती, आणि तिचे मुख्य श्रेय, श्रेयच म्हणावयाचे असल्यास, १८५६ ते १८७० पर्यंत गादीवर असलेल्या खंडेराव महाराजांच्या रत्नलालसेस द्यावे लागेल. ब्राझीलच्या खाणीत सापडलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा विख्यात हिरा त्यांनी खरीदला. तथापि त्यांच्या औदार्याचा, किंवा उधळपट्टीचा, परमोत्कर्ष पाहावयाचा तो मोत्यांच्या चादरीत. मदिनेस पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्याच्या संकल्पाने, एका हिंदू मराठा संस्थानिकाने, बसऱ्याचे लक्षावधी बारीक मोती, शिवाय हिरे, माणके, नीलम व पाचू जडवून ती सिद्ध करविली, असे परंपरा सांगते. महाराज निवर्तले आणि चादर बडोद्यातच राहिली.

पुढे गादीवर आलेले त्यांचे बंधू मल्हारराव यांनी, वडील बंधूंच्या रुपेरी तोफांवर मात करण्यासाठीच की काय, सोन्याच्या तोफा ओतविल्या. रयतेच्या सारावसुलीतून उभा राहिलेला हा डामडौल रणांगणात कवडीच्या उपयोगाचा नव्हता, हे निराळे सांगावयास नको. १८७५ साली इंग्रज सरकारने गैरकारभाराचा ठपका ठेवून त्यांना पदच्युत केले. त्यानंतर गादीवर आलेल्या सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. खंडेरावांची चादर मात्र २००९ साली दोहा येथील लिलावात सुमारे ५५ लक्ष डॉलरांस विकली गेली.