जलप्रलयाच्या कथा व तारखेचे कागद

आपल्या पुराणांतील मत्स्यावताराची कथा, बाबिलोनी लोकांची उत्नपिष्टिमाची कथा व यहुद्यांच्या ग्रंथांतील नोहाची कथा या तिन्ही शेजारीं शेजारीं मांडावयाच्या आणि सर्व पृथ्वी एके काळीं जलमय झाली होती असा निष्कर्ष काढावयाचा, हा प्रघात बराच जुना आहे. इ. स. १९५० सालीं वेलिकोव्हस्की यांनीं याच मार्गानें बरेंच पुढें जाऊन, शुक्राचा ग्रह गुरूपासून निघून धूमकेतूप्रमाणें इ. स. पूर्वीं पंधराव्या शतकांत पृथ्वीच्या जवळून गेला व त्यामुळें जगभर उत्पात झाले, असें देशोदेशींच्या पुराणकथांच्या आधारानें प्रतिपादन केलें. ज्योतिःशास्त्रज्ञांनीं व कीलाक्षरलिपीच्या पंडितांनीं तें मत त्याज्य ठरविलें. तथापि तशा प्रकारचे ग्रंथ अद्याप निघतात व पुष्कळ वाचले जातात. आमच्या संग्राहक मित्रांपैकीं कित्येकांस त्यांची भुरळ पडलेली पाहून, पुराणकथेची साक्ष घ्यावी ती कोणत्या रीतीनें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम आपलीच कथा घेऊं. तिचें सर्वांत जुनें उपलब्ध रूप शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडांत आहे. प्रातःकाळीं हात धुण्यास आणलेल्या पाण्यांत मनूच्या हातीं एक लहानसा मासा येतो. मनु त्यास आधीं कुंभांत, मग खड्ड्यांत व अखेर समुद्रांत ठेवून वाढवितो. मासा येणाऱ्या ओघाची सूचना देतो. मनु नौका सिद्ध करितो, तिची दोरी माशाच्या शिंगास बांधितो व मासा त्यास उत्तरगिरीवर पोंचवितो. ओघानें सर्व प्रजा वाहून नेली, मनु तेवढा उरला. येथें सप्तर्षि नाहींत, धान्याचीं बीजें नाहींत, आणि मासा अमुक देवाचा अवतार होता असेंही म्हटलेलें नाहीं. कथेचा सर्व रोंख पुढें होणाऱ्या इडेच्या उत्पत्तीकडे, म्हणजे यज्ञांतील इडाविधीच्या समर्थनाकडे आहे.

महाभारताच्या आरण्यकपर्वांत तीच कथा येते तेव्हां नौकेंत सप्तर्षि चढलेले असतात, सर्व बीजें भरलेलीं असतात, हिमालयाच्या शिखरास नौबंधन हें नांव पडतें, आणि मासा आपण प्रजापति ब्रह्मा असल्याचें सांगतो. (ज्यांच्याजवळ या पर्वाच्या सुट्या पोथ्या असतील त्यांनीं हा अध्याय डॉ. सुखटणकर यांच्या चिकित्सित आवृत्तीशीं एकवार ताडून पाहावा. श्रम वायां जाणार नाहींत.) मत्स्यपुराणांत मासा विष्णु होतो, ओघापूर्वीं शंभर वर्षांचें अवर्षण पडतें, अग्नीनें सर्व जळून जातें व मग मेघ वर्षूं लागतात. भागवतांत तर मनूच्या जागीं द्रविड देशाचा राजा सत्यव्रत येतो व स्थळ कृतमाला नदीचें होतें. म्हणजे हातीं आलेल्या एका माशापासून आरंभ होऊन कल्पान्तापर्यंत कथा वाढत गेली. ब्राह्मणांतील ओघ पुराणांत प्रलय झाला. अशा स्थितींत पुराणांतील अग्नि, अवर्षण व मेघ यांचा एकेक तपशील घेऊन तो प्रत्यक्ष घडलेल्या उत्पाताचें वर्णन म्हणून पुढें मांडणें म्हणजे लेखकाच्या मागाहून घातलेल्या ओळींस मूळ संहिता समजण्यासारखें आहे.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. शतपथांतील मासा मनूस ओघाचें वर्ष सांगतो, व मनु नेमक्या त्याच वर्षीं नौका तयार करितो. परंतु तें वर्ष कोणतें हें ग्रंथ सांगत नाहीं. आमचें सर्व दुःख या एका ठिकाणीं आहे.

बाबिलोनी कथेचीही स्थिति निराळी नाहीं. निनवे येथील ग्रंथसंग्रहांतील फुटक्या मृत्पट्टिकांवर ती जॉर्ज स्मिथ यांस सांपडली व इ. स. १८७२ च्या डिसेंबरांत त्यांनीं ती लंडनच्या विद्वत्सभेपुढें वाचली, तेव्हां बायबलांतील कथेस पुरावा मिळाला म्हणून केवढी खळबळ झाली! पुढें त्याहून सुमारें हजार वर्षें जुनी अत्रहसिसाची कथा उपलब्ध झाली. इ. स. १९२९ सालीं वूली यांनीं उर येथें खणतांना ८ ते ११ फूट जाडीचा स्वच्छ गाळाचा थर पाहिला व हाच तो प्रलय असें जाहीर केलें. किश व शुरुप्पक येथेंही असे थर लागले. परंतु काळ मोजून पाहतां उरचा थर त्यांहून कित्येक शतकांनीं जुना निघाला, आणि उरच्या शेजारच्या एरिदू येथें तसा थर मुळींच सांपडला नाहीं. फुरात व दिजला या नद्यांस मोठे पूर येत, निरनिराळ्या काळीं निरनिराळीं नगरें बुडत, इतकेंच त्या गाळानें सिद्ध होतें. हिमयुगाच्या शेवटीं समुद्र सुमारें ४०० फूट चढला ही गोष्ट खरी. पण तो चढण्यास हजारों वर्षें लागलीं, आणि सात दिवसांच्या प्रलयाशीं तिचा सांधा जुळविणें आम्हांस तरी ओढाताणीचें वाटतें.

तर मग प्राचीन लेखांवरून जगद्व्यापी उत्पात सिद्ध होतच नाहीं काय? होतो; मात्र तेथें लेखास वर्ष पाहिजे. याचें उत्तम उदाहरण इ. स. ५३६ चें आहे. बायझंटाइन सम्राट् जस्टिनियन याच्या कारकीर्दीच्या दहाव्या वर्षाच्या हकीकतींत प्रोकोपियस लिहितो कीं, त्या वर्षीं सूर्य चंद्राप्रमाणें तेजोहीन प्रकाश देत होता. त्याच सुमारास इटलींतील अधिकारी कासिओडोरस आपल्या हाताखालच्या माणसास पत्र लिहून कळवितो कीं, सूर्य निळसर दिसतो, भर दुपारीं आपली सावली पडत नाहीं, पिकें आलीं नाहींत, तरी गेल्या वर्षाच्या सांठ्यांतून निर्वाह करावा. मिखाएल या सुरियानी बखरकारानें, स्वतः बाराव्या शतकांतला असूनही, एका जुन्या लेखाच्या आधारें हा अंधुकपणा अठरा महिने टिकल्याचें नमूद केलें आहे. यांपैकीं कोणासही कारण ठाऊक नव्हतें. इतिहासकार पुष्कळ काळ या वाक्यांस अपशकुनाचीं वर्णनें समजून पुढें जात, इ. स. १९८३ च्या सुमारास स्टॉदर्स व रॅम्पिनो यांनीं असे उल्लेख एकत्र करून ते ज्वालामुखीच्या धुराशीं जोडले.

येथें एक मौजेची अडचण आली. ग्रीनलंडच्या बर्फांत दरसालचा थर वेगळा ओळखूं येतो व मोठा ज्वालामुखी पेटला कीं त्या वर्षाच्या थरांत गंधकाम्लाचा अंश उतरतो. परंतु जेथें ५३६ चा अंश असावयास पाहिजे तेथें तो नव्हता. कांहीं वर्षें आधीं होता. इकडे झाडांच्या खोडांतील वार्षिक वलयें ५३६ मध्येंच एकाएकीं बारीक झालेलीं दिसत. कागद व लाकूड एका बाजूस, बर्फ दुसऱ्या बाजूस! अखेर इ. स. २०१५ सालीं सिग्ल व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं थरांची मोजणीच सुमारें सात वर्षांनीं चुकली होती. आठव्या शतकांत, ७७५ च्या सुमारास, आकाशांतून आलेल्या किरणांची एक खूण लाकडांतही उमटली आहे व बर्फांतही. तीवरून दोहोंची गांठ घालतां ५३६ व ५४० या दोन्ही सालांचे स्फोट आपापल्या जागीं आले. प्रोकोपियसाचें साल बरोबर होतें. पुढें तेराव्या शतकांत लिहिलेल्या नॉर्स ग्रंथांत लागोपाठ तीन हिवाळे उन्हाळ्यावांचून येतील असें सांगितलें आहे, ती याच काळाची आठवण असावी असें कांहीं विद्वान् मानतात. असेलही. परंतु ५३६ हें साल त्या कथेंतून कोणाला काढतां आलें नसतें.

कथा व कागद हीं दोन्ही एकाच घटनेचीं निघालीं असें उदाहरण त्याहून अलीकडचें आहे, व आमच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांत गरुडपक्षी व देवमासा यांच्या युद्धाची कथा आहे: दोघे झुंजतात, भूमि हादरते, समुद्र खवळतो. व्हँकूवर बेटावरील एका गांवचे लोक सांगत कीं, हिवाळ्याच्या एका रात्रीं धरणीकंपानंतर समुद्र आला व उंचावर राहणारांखेरीज कोणी वाचलें नाहीं. शतकांमागून शतकें ही कथा नुसती कथा होती. इ. स. १९८७ सालीं ॲटवॉटर यांनीं त्या किनाऱ्यावर खचून भरतीच्या पाण्याखालीं गेलेली जमीन व तिजवर पसरलेली समुद्राची वाळू दाखविली. खाऱ्या पाण्यानें मेलेल्या देवदारांसारख्या वृक्षांचे सांगाडे तेथें उभे आहेत. त्यांच्या मुळांतील वलयें मोजून तीं झाडें १६९९ चा पावसाळा संपण्याच्या सुमारापासून १७०० च्या वसंतापर्यंत केव्हां तरी मेलीं असें ठरलें. पण दिवस?

दिवस जपानांत सांपडला. तेथील गेन्रोकु संवत्सराच्या १२ व्या वर्षीं, १२ व्या महिन्याच्या ८ व्या दिवशीं (इ. स. १७००, जानेवारी २७ व २८ च्या दरम्यानची रात्र, आपला शक १६२१, ज्याच्या अखेरीस राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले) किनाऱ्यावरील अनेक गांवीं समुद्र आंत शिरला. कुवागासाकी येथें १३ घरें पाण्यानें गेलीं, २० आगींत जळालीं, आणि १५९ माणसांस सरकारांतून तांदूळ दिले गेले. नाकामिनातो येथें तांदुळाचें गलबत फुटलें. ह्या नोंदी कोणा इतिहासकाराच्या नव्हेत. अधिकाऱ्यांचीं टिपणें, व्यापाऱ्यांच्या वह्या व गांवच्या मुखियाचें स्मरणपत्र, असे हे कागद आहेत. इ. स. १९९६ सालीं साताके व सहकारी यांनीं लाटांची उंची व वेळ यांवरून उलट हिशेब केला, तेव्हां मूळ धरणीकंप अमेरिकेच्या बाजूस जानेवारी २६ च्या रात्रीं नऊच्या सुमारास झाला असला पाहिजे व त्याचा जोर ९ च्या आसपास असावा, असें निघालें. हिवाळा व रात्र, दोन्ही कथेंत होतीं.

आम्हीं पाहिलेल्या कित्येक घरांत दप्तर साफ करतांना पोथ्या व सनदा रेशमी रुमालांत बांधल्या जातात, आणि रोजकीर्द, धान्याचे जमाखर्च, कोणास किती शेर दिले याचे ताव विकावयास किंवा वाळवीस जातात. जेधे शकावलीचें मोल तिच्या भाषेंत नसून तिच्या मित्यांत आहे हें आपण जाणतों. परंतु तीच दृष्टि शेजारच्या किराणाच्या वहीस लावीत नाहीं. दुष्काळांत वाटलेलें धान्य, न उगवलेली विहीर, अवेळीं आलेला समुद्र, यांची मिति असल्या वहींतच असावयाची. कोंकणपट्टीच्या बंदरांतील जुन्या कीर्दी ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं त्या आम्हांस दाखवाव्या, नकला पाठवाव्या व फाटक्या असल्या तरी टाकूं नयेत, अशी त्यांस विनंती आहे.

जपानांतील मिहो गांवच्या मुखियाचें टिपण आम्हांस वारंवार आठवतें. त्या दिवशीं समुद्र सात वेळां आला. त्यानें म्हाताऱ्यांस व मुलांस देवळाकडे पाठविलें, आणि मग लिहून ठेविलें कीं, धरणीकंपानंतर असें पाणी येतें म्हणतात, परंतु आपल्या गांवीं किंवा आसपास धरणी हालली नव्हती. त्याचें म्हणणें अगदीं खरें होतें. धरणी कित्येक तासांपूर्वीं, समुद्राच्या पलीकडे साडेचार हजार मैलांहून दूर हालली होती.