झील कोण धरणार?

लेखमाला : गाणं आणि सत्ता – भाग सहावा

मागच्या भागात आपण न्यूयॉर्कच्या पब्लिक एनिमी या रॅप गटाची ओळख करून घेतली. तो वाचून बावधनच्या एका वाचकांनी विचारलं, "आपल्याकडे सरकारला तोंडावर सुनावणारा असा गट झाला का? आणि झाला असेल तर त्याच्यावर कुणी सिनेमा काढला का?" झाला आणि काढलाही. त्या सिनेमाचं नाव 'जय भीम कॉम्रेड'. दिग्दर्शक आनंद पटवर्धन, साल 2011.

आधी पब्लिक एनिमीतली एक गोष्ट आठवा. चक डी भारदस्त आवाजात ओळ टाकतो आणि गळ्यात भलंमोठं घड्याळ अडकवलेला फ्लेव्हर फ्लॅव त्या ओळीचं शेपूट उचलून पुन्हा लोकांच्या अंगावर फेकतो. हिपहॉपवाले त्याला 'हाइप मॅन' म्हणतात. आपल्याला हे काम नवीन नाही. पोवाड्यात शाहीर डफावर थाप मारून पुढे येतो आणि मागे तुणतुणं-झांज घेतलेले दोघं-तिघं 'जी जी रं जी' करत त्याची ओळ झेलतात. ते झीलकरी. शाहिराला दम घ्यायला जागा तेच देतात. झील पडली तर कितीही मोठ्या गळ्याचा शाहीर एकटा पडतो. 'जय भीम कॉम्रेड' मी तीन वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, हा सिनेमा शाहिराइतकाच झीलकऱ्यांचा आहे.

सिनेमा सुरू होतो विलास घोगरे यांच्यापासून. मुंबईत झोपडीत राहणारा, आव्हान नाट्य मंचाबरोबर वस्त्यांमधून गाणारा हा शाहीर. पटवर्धनांनी 1985 च्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्यांचा आवाज टिपला होता. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर उतरले, राज्य राखीव दलाने गोळीबार केला आणि 10 माणसं मेली. चार दिवसांनी घोगरे यांनी गळफास घेतला. आयुष्यभर लाल बावट्याखाली गायलेल्या या माणसाच्या कपाळाला तेव्हा निळी पट्टी होती. ती पट्टी पटवर्धनांना स्वस्थ बसू देईना. सिनेमाच्या नावातले 'जय भीम' आणि 'कॉम्रेड' हे दोन शब्द तिथूनच शेजारी आले.

पुढे चौदा वर्षं कॅमेरा चालू राहिला. चौकशी आयोग, कोर्टातल्या तारखा, निवडणुकांच्या सभा, खैरलांजीचं दलित हत्याकांड. मधला भाग लांबतो, हे खरं. पण कापायचं कुठे, असं विचारलं तर मला सांगता येणार नाही. न्याय किती सावकाश येतो, ते बघणाऱ्यालाही बसून सोसावं लागतं. गोळीबाराचा आदेश देणारा अधिकारी मनोहर कदम याला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती 2009 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. पुढे तो जामिनावर सुटला.

आता आपल्या भागाकडे येऊ, कारण या सिनेमातली एक वाट वाईवरून जाते. घोगऱ्यांच्या बरोबरीने आव्हानमध्ये गाणारे आणि या सिनेमात भेटणारे संभाजी भगत हे पाचगणीजवळच्या महू गावचे. आणि वाईहून पाचगणीला चढताना घाटाच्या पायथ्याशी लागणारं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. साबळ्यांच्या 'आंधळं दळतंय'ने 1960 च्या दशकात मुंबईतल्या मराठी माणसाची खदखद रंगमंचावर आणली आणि त्या लाटेचा फायदा नव्या शिवसेनेला झाला. भगतांचं गाणं जातीवर आणि भांडवलावर चालून गेलं. राजकारण दोन टोकांचं, पण डफ तोच. एकाच डोंगराच्या आजूबाजूला असे दोन गळे निपजले, याचा आपल्याकडे म्हणावा तसा अभिमान नाही, याची मला खंत वाटते.

त्याही मागे जायचं तर वाटेगाव. आज सांगली जिल्ह्यात असलेलं हे गाव अण्णा भाऊ साठे जन्मले तेव्हा, 1920 मध्ये, सातारा जिल्ह्यातच होतं. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावात, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत या तिघांनी जे केलं, ते ब्राँक्समधल्या हिपहॉपवाल्या पोरांनी 1970 च्या दशकात केलेल्या कामाशी ताडून बघा. नळाला पाणी नाही, मालक पगार देत नाही, पोलीस मारतात. रोजचा हा मजकूर ठेक्यात बसवायचा आणि तो ज्यांनी भोगला त्यांच्याच समोर म्हणायचा. तमाशावर सरकारी बंदी आली तेव्हा अण्णा भाऊंनी त्याला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवला.

असं काम पुढच्याच्या हातात कसं जातं, त्याची एक आठवण. बावधनच्या बगाड जत्रेच्या आदल्या संध्याकाळी एकदा एका पोराला हलगी शेकताना पाहिलं होतं. पाचट पेटवलं होतं. हलगी तो जाळावरून गोल फिरवायचा, बोटाने टिचकी मारून ऐकायचा, पुन्हा फिरवायचा. शेजारी म्हातारा बसलेला. तो फक्त मान हलवून 'अजून' एवढंच म्हणत होता. कातडं ढिलं असलं तर आवाज 'भद्द' येतो. जास्त तापलं तर फाटतं. नेमकं कुठे थांबायचं, हे पोराने त्या म्हाताऱ्याच्या मानेकडे बघून शिकायचं होतं.

सिनेमाच्या शेवटच्या भागात पुण्याचा कबीर कला मंच येतो तेव्हा मला तो जाळ आठवतो. 2002 च्या गुजरात दंगलीनंतर जमलेली ही वस्तीतली पोरं. शीतल साठे आवाज लावते आणि मागचे तो उचलतात. घोगऱ्यांची ओळ इथे झेलली गेली, हे सांगायला निवेदकाची गरज पडत नाही. पण 2011 मध्ये दहशतवादविरोधी पथकाची कारवाई सुरू झाली, मंचातली काही मुलं भूमिगत झाली आणि कॅमेऱ्यापुढे शीतलची आई उरली. एवढा वेळ गाण्याने भरलेल्या सिनेमात अचानक एक बाई साध्या आवाजात बोलू लागते. तिच्यामागे झील नाही. संपूर्ण सिनेमात मला सगळ्यात जड गेलेली ती मिनिटं.

2 एप्रिल 2013 ला शीतल साठे आणि मंचातलेच सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला काही महिन्यांत जामीन मिळाला. सचिन माळी आणि त्यांचे मंचातले साथी सागर गोरखे व रमेश गायचोर यांना तो मिळायला 2017 चा जानेवारी उजाडला. गोरखे, गायचोर आणि मंचातल्याच ज्योती जगताप यांना 2020 च्या सप्टेंबरात एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. त्यांच्यावरचे आरोप कोर्टाने तपासावेत. मी फक्त एवढंच बघतो आहे की, ज्यांनी मागे उभं राहून ओळ उचलायची, त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात आणि तारखांत गेली.

हा सिनेमा 2012 च्या जानेवारीत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला आणि मग वस्त्या-वस्त्यांत फिरला. कधी बघायला मिळाला तर माझं ऐका, गाणाऱ्याकडे बघून झालं की नजर त्याच्या खांद्यामागे न्या. मागे उभ्या असलेल्यांचे ओठ कुठे हलायला लागतात ते बघा. ओळ पूर्ण व्हायच्या आधीच हलतात.

पुढच्या भागात चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. त्यातल्या नारायण कांबळे या शाहिराची गाणी संभाजी भगतांची आहेत, म्हणजे आपण महूच्या वाटेवरूनच पुढे जाणार आहोत.