हृदय थकले तरी चालणे थांबवू नका

'हार्ट फेल्युअर' हे शब्द कानी पडताच हृदय बंद पडले, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हृदयाचा स्नायू कमकुवत किंवा ताठर झाल्याने शरीराला गरजेइतका रक्तपुरवठा न होण्याची ही अवस्था आहे. थोडे चालले तरी धाप लागते, पायांवर सूज येते. मग घरची मंडळी काळजीपोटी रुग्णाला जागेवरून उठू देत नाहीत. हीच काळजी अनेकदा त्याच्या अशक्तपणात भर घालते.

काही दशकांपूर्वी डॉक्टरही अशा रुग्णांना विश्रांतीच सुचवत. मात्र दीर्घकाळ पडून राहिल्याने हातापायांचे स्नायू झिजतात आणि धाप अधिकच लवकर लागते. नियमित व्यायामाने हे स्नायू रक्तातील प्राणवायू चांगल्या रीतीने वापरू लागतात. साहजिकच रोजची कामे कमी श्रमात होतात.

अमेरिका, कॅनडा व फ्रान्समधील २,३३१ रुग्णांवरील 'एचएफ-ॲक्शन' या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायाम सुरक्षित असून त्याने जीवनमान सुधारते, असे त्यात आढळले. मृत्यू व रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणातील फरक मात्र माफक होता. व्यायाम हा औषधांना पर्याय नव्हे, हेही त्यातून ध्यानात घ्यावे. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, ज्यांना झेपेल अशा सर्व रुग्णांना व्यायामाची शिफारस केली आहे.

आजार स्थिर असेल तेव्हाच, डॉक्टरांच्या तपासणीनंतर सुरुवात करावी. प्रारंभी सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटे चालणे पुरेसे असते. त्रास न झाल्यास काही आठवड्यांत ते अर्ध्या तासापर्यंत वाढवता येते. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग योग्य समजावा. बीटा ब्लॉकर गोळ्यांमुळे नाडीचा वेग फारसा वाढत नाही. त्यामुळे केवळ नाडीवर विसंबू नये. जेवणानंतर लगेच वा कडक उन्हात चालणे आणि श्वास रोखून वजन उचलणे टाळावे.

छातीत दुखणे, चक्कर, धडधड किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप जाणवल्यास तत्काळ थांबावे. त्रास न शमल्यास रुग्णालय गाठावे. रोज सकाळी वजन नोंदवावे. तीन दिवसांत ते दोन किलोहून अधिक वाढले, तर शरीरात पाणी साठत असण्याची शक्यता असते. अशा वेळी व्यायाम थांबवून डॉक्टरांना भेटावे. एरवी मात्र रुग्णाला अंथरुणात जखडून ठेवण्याऐवजी घरच्यांनी त्याच्यासोबत चार पावले चालावीत, हेच हिताचे.